मंगळवारचं पोट आणि शुक्रवारचं हृदय

एका जंगलात सगळ्यांनाच डॉक्टर व्हायचं होतं. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांच्या आईबापांना. पोरांना कोणी विचारलं नव्हतं. तुम्हाला तरी कोण विचारतं, मुलांनो?

जंगलात वैद्यकीय महाविद्यालय एकच होतं आणि त्यात जागा तीन. पहिली सिंहाच्या भाच्याला मिळायची. दुसरी वाघाच्या मेव्हण्याला. तिसरी मात्र निव्वळ गुणवत्तेवर देत असत, म्हणजे सिंहाच्या दुसऱ्या भाच्याला.

याच जंगलात ओढ्याकाठच्या बिळात मुंगसाचं एक कुटुंब राहायचं. त्यांची मुलगी पिंगाक्षी. घरात सगळे तिला पिंगी म्हणत. पिंगी गुणी होती, पण तिला एक वाईट खोड होती. समोर जे असेल ते ती नीट बघायची, हुंगायची आणि दिसलं ते बोलून टाकायची. लहानपणी एकदा ती काकूला म्हणाली होती, "काकू, तुमची शेपूट रंगवलेली आहे." तेव्हापासून काकू त्यांच्या बिळाकडे फिरकली नव्हती.

पिंगीच्या तिन्ही जागा हुकल्या. तिचे बाबा चार दिवस जेवले नाहीत. पाचव्या दिवशी कावळे सर आले. परदेशी प्रवेश मिळवून देणं हा त्यांचा धंदा होता.

"सात समुद्रांपलीकडे एक बेट आहे," कावळे सर म्हणाले. "निळं पाणी, नारळाची झाडं, आणि प्रवेश परीक्षा नाही."

"शिकवतात कसं?" बाबांनी विचारलं.

"किनारा फार स्वच्छ आहे," कावळे सर म्हणाले.

बाबांना उत्तर पटलं. त्याच संध्याकाळी त्यांनी पाटी रंगवायला घेतली. 'डॉ. पिंगाक्षी मुंगसे. वेळ : सकाळी ९ ते १२, सायंकाळी ५ ते ८. रविवारी बंद.' पिंगी बोटीत चढली तेव्हा पाटीचा रंग ओला होता. पिंगीच्या आईने बरोबर मेतकुटाची बरणी दिली आणि समुद्राचं पाणी पिऊ नकोस असं अकरा वेळा सांगितलं.

बेट खरोखर छान होतं. महाविद्यालय म्हणजे दोन पत्र्याच्या शेड आणि एक मोठं प्रवेशद्वार. प्रवेशद्वारावरच सगळा खर्च झाला असावा. खानावळीत रोज नीरफणस. सोमवारी उकडलेला, मंगळवारी तळलेला, आणि रविवारी गोडाधोडाचं म्हणून आधी उकडून मग तळलेला. महिन्याभरात पिंगीच्या मेतकुटाच्या बरणीभोवती निम्मा वर्ग जमायला लागला.

महाविद्यालयाचे डीन एक हिरवे इग्वाना होते. इग्वाना म्हणजे आपल्या घोरपडीचा परदेशात स्थायिक झालेला चुलत भाऊ. डीनसाहेब दिवसभर खडकावर उन्हात पडून असत. जराही हलत नसत. त्यामुळे ते फार खोल विचार करतात अशी त्यांची ख्याती होती.

पहिल्याच दिवशी सगळ्यांना भर उन्हात पांढरे कोट घालून उभं केलं आणि शपथ दिली. "आम्ही प्रत्येक रुग्णाला बरं करू. रुग्णाचा आजार अभ्यासक्रमात असल्यास."

पिंगीने शपथ मोठ्याने म्हटली. बाबांनी बघायला हवं होतं, असं तिला वाटलं.

आता एक अडचण होती. बेटावर कोणी आजारीच पडत नव्हतं. दिवसभर पोहायचं, नारळाचं पाणी प्यायचं, संध्याकाळी पिंप बडवून नाचायचं. आजारी पडायला वेळ कुणाला होता? पण रुग्णाशिवाय डॉक्टर कसे तयार करणार? म्हणून महाविद्यालयाने रुग्ण नोकरीला ठेवले. बेटावरचे धडधाकट प्राणी येत, खाटेवर पडत आणि ठरलेला आजार करून दाखवत. विद्यार्थ्यांनी तो ओळखायचा.

सोमवारी बकरी यायची, तिला खोकला. मंगळवारी खेकडा, त्याचं पोट. बुधवारी गाढव, त्याचा पाय. शुक्रवारी ऑगस्टीन अंकल, त्यांचं हृदय. गुरुवारी सुट्टी असायची. त्या दिवशी सगळे निरोगी.

ऑगस्टीन अंकल म्हणजे एक म्हातारा पाणकोळी. चोचीखाली झोळी असलेला मोठा पक्षी असतो ना, तो. दर शुक्रवारी ते छातीवर पंख ठेवून "गेलो, पोरांनो, गेलो" असं म्हणत, आणि तास संपला की दोन मासे घेऊन उडून जात. पिंगीवर त्यांचा जीव होता. "घाई कसली, पोरी," ते म्हणायचे. "समुद्र काही पळून जात नाही."

पण परीक्षा पळत येत होती.

पहिली परीक्षा मंगळवारी झाली. खेकडा पोट धरून कण्हत होता. पिंगीने त्याला सगळीकडून दाबून बघितलं, हुंगलं, कान लावून ऐकलं.

"याला काहीही झालेलं नाही," ती म्हणाली.

हे अगदी खरं होतं. म्हणून तिला शून्य गुण मिळाले. खेकड्याला इतका अपमान वाटला की तो पुढे आठवडाभर तिरका चालायचं सोडून सरळ चालला.

दुसरी परीक्षा बुधवारी. गाढव लंगडत आलं. पिंगीने जवळ जाऊन हुंगलं. "पाय ठीक आहे. याची मागची दाढ किडली आहे."

गाढवाने चमकून तिच्याकडे पाहिलं. आठ दिवस दाढ ठणकत होती, पण त्याला कामावर दाढेबद्दल बोलायची परवानगी नव्हती. पिंगीला पुन्हा शून्य मिळालं.

वसतिगृहात पिंगीच्या शेजारच्या खाटेवर शशांक नावाचा ससा राहायचा. तोही जंगलातलाच. फार घाबरट, आणि घाबरट असल्यामुळे फार हुशार. तो दोन्ही परीक्षांत पहिला आला होता.

"तू रुग्णाकडे बघतेस कशाला?" शशांकने विचारलं.

"मग कुठे बघू?"

त्याने उशीखालून वही काढली. त्यात वार लिहिले होते आणि वारापुढे आजार. "रुग्णाकडे बघितलं की गोंधळ होतो. मी डोळे मिटतो आणि आज वार कुठला ते आठवतो."

तेवढ्यात बाबांचं पत्र आलं. 'पाटी वाळली. दारावर लावली आहे. काकू बघून गेली, बोलली काही नाही. सिंहमहाराज जाता जाता थांबून वाचतात. कधी येतेस?'

पिंगीने ते पत्र तीनदा वाचलं. आता एकच परीक्षा उरली होती, शेवटची, शुक्रवारची. नापास झाली तर पांढरा कोट काढून ठेवायचा आणि बोटीत बसायचं. दारावरच्या पाटीचं काय करायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. ती मुकाट्याने शशांकजवळ बसली आणि तिने वही पाठ केली. शुक्रवार, अंकल, हृदय. पाठ करायला असं होतंच कितीसं?

शुक्रवार उजाडला. डीनसाहेबांना खडकासकट शेडमध्ये आणलं होतं. खाटेवर ऑगस्टीन अंकल होते. त्यांचे डोळे बाहेर आले होते, पाय झाडत होते आणि दोन्ही पंख खाटेवर आपटत होते. तोंडातून शब्द फुटत नव्हता.

"वा," डीनसाहेब म्हणाले. "अंकलच्या अभिनयात यंदा खूपच प्रगती आहे."

शशांक आत गेला. त्याने डोळे मिटले. "हृदय," तो म्हणाला. शंभरपैकी शंभर. पाठोपाठ आणखी तिघे गेले. हृदय, हृदय, हृदय. अंकल आता निळसर दिसत होते, आणि सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या.

मग पिंगीचं नाव पुकारलं.

तिने ठरवल्याप्रमाणे डोळे मिटले. पाटी दिसली. नऊ ते बारा, पाच ते आठ. दारात उभे बाबा दिसले. पण नाक कसं मिटणार? नाकाला माशाचा वास आला. तो झोळीतून येत नव्हता, गळ्यातून येत होता.

पिंगीने डोळे उघडले. अंकलच्या मानेला आडवा उंचवटा आला होता. एक काटेरी मासा, आडवा अडकलेला. अंकल तिच्याकडे बघत होते, आणि त्यांना आता घाई होती.

"उत्तर?" डीनसाहेबांनी विचारलं.

"हृ..." पिंगी म्हणाली. तिला खरंच ते म्हणायचं होतं, मुलांनो. दोनच अक्षरं तर उरली होती.

पण तिने उडी मारली. थेट अंकलच्या चोचीत. मुंगसाचं अंग सडपातळ, आणि बिळात शिरायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. ती कमरेपर्यंत आत गेली, मग शेपटीपर्यंत. बाहेर नुसतं शेपटाचं टोक राहिलं आणि ते जोरजोरात हलत होतं. मग अंकलना एक प्रचंड ठसका आला आणि पिंगी, मासा आणि सकाळचा अर्धा नीरफणस असे तिघेही डीनसाहेबांच्या अंगावर येऊन पडले.

डीनसाहेब हलले. महाविद्यालयाच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडत होतं.

ऑगस्टीन अंकलनी एक लांब श्वास घेतला. मग आणखी एक. मग ते रडू लागले.

"उमेदवाराने रुग्णाच्या आत जाऊ नये," डीनसाहेब म्हणाले. "नियम सतरा. शिवाय उत्तर चूक. कागदावर हृदय आहे."

"पण साहेब, मी मरत होतो," अंकल म्हणाले.

"तुम्ही मध्ये बोलू नका. परवानगी न घेता आजार बदललात. तुमचे या आठवड्याचे मासे बंद."

पिंगीने पांढरा कोट काढला, घडी केली आणि टेबलावर ठेवला. तिला फार वाईट वाटत होतं. ऑगस्टीन अंकल बोटीवरून तीन दिवस तिच्याबरोबर उडत आले. चौथ्या दिवशी त्यांनी तिच्या पुढ्यात दोन मासे ठेवले, काटे काढलेले, आणि मागे फिरले.

घरी बाबा दारात उभे होते. तिच्या अंगावर कोट नाही हे त्यांनी लांबूनच पाहिलं. पिंगीने सगळं सांगितलं. बाबांनी पाटीकडे पाहिलं.

"तो पक्षी जगला?" त्यांनी विचारलं.

"जगला."

बाबांनी ओलं फडकं आणलं आणि पाटीवरचं 'डॉ.' तेवढं पुसलं. बाकीची पाटी तशीच ठेवली. "वेळ तर बरोबर आहे," ते म्हणाले. "ती कशाला पुसायची?"

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दारात एक चितळ उभं होतं.

"मी डॉक्टर नाही," पिंगी म्हणाली. "मी फक्त बघते."

"मग बघा," चितळ म्हणालं. "आजवर कोणी बघितलंच नाही."

डॉक्टर शशांक यांचा दवाखाना मोठ्या वडाखाली थाटात सुरू झाला होता. चार खोल्या, थंडगार वारा, भिंतीवर सुवर्णपदक. मंगळवारी गेलेल्या प्रत्येकाला पोटाचं औषध मिळे आणि शुक्रवारी हृदयाचं. सिंहमहाराज पंजात काटा मोडला म्हणून बुधवारी गेले आणि नेमका पाय निघाला. तेव्हापासून डॉक्टर शशांक दरबारी वैद्य झाले. पुढे सिंहमहाराजांचे दात दुखले तेव्हा मात्र ते आयाळीवर पंचा गुंडाळून पिंगीच्या मागच्या दाराने आले, आणि हे कुठे बोलू नकोस म्हणाले. मागच्या दारी हल्ली रोज रांग असते. काकूसुद्धा येते. शेपूट रंगवूनच येते, आणि पिंगी काही बोलत नाही. एवढं तरी ती शिकली.

मग एका गुरुवारी मागचं दार कोणीतरी घाईघाईने ठोठावलं. बाहेर पांढरा कोट घातलेला शशांक उभा होता. त्याच्या घशात गाजर अडकलं होतं. हातात वही होती. गुरुवारचं पान उघडून त्याने पिंगीपुढे धरलं आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आ कर," पिंगी म्हणाली.

तात्पर्य : मुलांनो, आजारी पडण्याआधी आपल्या डॉक्टरांचा अभ्यासक्रम नीट वाचून घ्यावा आणि त्यातलाच एखादा आजार निवडावा. तो योग्य वारी व्हावा याची काळजी रुग्णाने स्वतः घ्यावी. एवढं करूनही चुकून दुसरंच काही झालं, तर मागच्या दाराने जावं. पण पोरांना मात्र पुढच्या दारानेच शिकायला पाठवावं.