साहेब कचेरीतच आहेत

अधिकारी कोठे बसतो यापेक्षा तो किती वाजता बसतो, याला शासनाच्या लेखी अधिक महत्त्व असते. आणीबाणीत तर एवढ्यालाच महत्त्व होते. दहा वाजून एका मिनिटाने येणाऱ्याचे नाव कचेरीबाहेरच्या फळ्यावर खडूने लिहिले जाई आणि त्याची नक्कल अकोल्याला जाई.

आमचे साहेब मारोतराव राहायला कामरगावला आणि कचेरी कारंजाला. सकाळची एस.टी. साडेदहाला पोचे (पोचली तर). साहेबांचे नाव सलग चार दिवस फळ्यावर गेले. पाचव्या दिवशी त्यांनी घरी टेलिफोन बसवून घेतला आणि कामरगावातूनच कारंजात वेळेवर हजर होऊ लागले.

पद्धत सोपी होती. कारंजाच्या कचेरीत साहेबांच्या मेजावर दुसरा फोन. मेजापाशी मी, कनिष्ठ लिपिक धरमसिंग, स्टुलावर. (खुर्ची साहेबांची, ते तीत बसलेलेच होते, असे धरायचे.) ठीक दहाला फोन येई. "डावा खण उघड. वरची फाईल काढ. वाच." मी वाचे. "शिक्का मार." साहेबांच्या सहीचा रबरी शिक्का त्याच खणात होता, मी तो मारी. अशा रीतीने मेज कारंजात, हात माझे आणि डोके कामरगावला बंगईवर (म्हणजे घरच्या झोपाळ्यावर), अशी कार्यालयाची फेररचना झाली. त्या तिमाहीत साहेबांची हजेरी शंभर टक्के भरली. अकोल्याहून कौतुकाचे पत्र आले. ते त्यांनी माझ्याकडून फोनवर दोनदा वाचून घेतले.

कोणीही उठून फोनवर हुकूम सोडू नये म्हणून परवलीचा शब्द ठरला होता. शब्द बरोबर आल्याशिवाय खण उघडायचा नाही. तीनदा चुकला तर त्या दिवशी मेज बंद. (शब्द दर महिन्याच्या एक तारखेला बदले. पुढे एकदा खुद्द साहेबच नवा शब्द विसरले. मी त्यांची किरकोळ रजा मांडली.) शब्द अत्यंत गोपनीय असून साहेब आणि मी सोडून कोणालाही ठाऊक नव्हता. फक्त लाइनमध्ये खरखर फार असल्याने साहेबांना तो रोज सकाळी पाच-सहा वेळा ओरडावा लागे.

याच सुमारास पंचफुलाला रहिवासी दाखला हवा होता. ती कामरगावचीच, साहेबांच्या घरापासून तिसऱ्या घरातली. अकोल्याला नर्सच्या प्रशिक्षणासाठी तिची निवड झाली होती. दाखला शनिवारपर्यंत पोचला नाही तर जागा दुसरीला जाणार होती. सोमवारी ती साहेबांच्या दारात गेली. दारात साहेबांच्या पत्नी कस्तुराबाई होत्या.

"काकू, साहेब हायेत काय?"

"कचेरीत हायेत."

"ते काय, बंगईवर बसून राह्यले न! मले दिसून राह्यले."

"दिसत असतीन. पण सहा वाजेपर्यंत ते कारंजात हायेत. घरी आले की ये."

सहा वाजता ती गेली, तेव्हा साहेब बंगईवरून म्हणाले, "आता कचेरी बंद झाली. उद्या कारंजाले जाय, मी तिथंच भेटतो."

मंगळवारी ती कारंजाला आली. मी तिचा अर्ज साहेबांना फोनवर वाचून दाखवला. साहेबांनी शेरा सांगितला: "अर्जदार कामरगावची रहिवासी आहे किंवा कसे, याची चौकशी व्हावी." त्या वेळी त्यांच्या अंगणापलीकडे पंचफुलाची आई गोवऱ्या थापत होती. परंतु साहेब कारंजात असल्यामुळे त्यांना ती दिसणे नियमात बसत नव्हते.

बुधवार आणि गुरुवार चौकशीत गेले. शुक्रवारी पंचफुला पुन्हा आली आणि बाकावर पिशवी मांडीत घेऊन बसली. रडली नाही. रडली असती तर मला बरे वाटले असते. ती नुसती फोनकडे बघत होती.

अडीच वाजता फोन वाजला. या वेळेत साहेब जेवणानंतरचे चिंतन करीत. त्यांचा फोन कधी येत नसे.

"अनुसाशन," पलीकडून आवाज आला.

शब्द बरोबर होता. उच्चार चुकला होता, पण साहेबांचाही चुके. आवाज मात्र घोगरा होता. कामरगावच्या स्टँडवर एस.टी.च्या खिडक्यांशी शेंगा विकणारी बेबीताई, पंचफुलाची मावशी, असाच आवाज काढते. स्टँडसमोरच्या पोस्टात सार्वजनिक फोन आहे. साहेबांना सर्दी झाली आहे, अशी मी मनाशी नोंद केली.

"डावा खण उघड. पंचफुलाचा कागद काढ. मार शिक्का."

"चौकशीचं काय, साहेब?"

"झाली चौकशी. पोरगी आपल्याच गावची हाय, मी लहानपणापासून पाह्यतो तिले." मग आवाज म्हणाला, "बाबू, जेवला काय तू?"

सात महिन्यांत त्या फोनवरून मला हे कोणी विचारले नव्हते. मी शिक्का मारला. तो जरा तिरका बसला. पंचफुलाने दाखला दोनदा वाचला आणि विचारले, "बाबू, तुमाले काही तरास त नाही न होणार?"

"साहेबांचा हुकूम आहे," मी म्हणालो. ती पहिल्यांदा हसली आणि एस.टी.कडे पळाली. पुढे ती नर्स झाली.

यानंतर साहेबांना दुपारी वारंवार सर्दी होऊ लागली. कधी ते पुंजाजी लोहाराच्या आवाजात बोलत, कधी मनकर्णाबाईंच्या. आणीबाणी उठेपर्यंत कचेरीने तीनशे बारा दाखले दिले. पैकी साहेबांनी स्वतः अकरा. प्रकरणांच्या निपटाऱ्यात आम्ही जिल्ह्यात पहिले आलो, साहेबांना बढती मिळाली आणि निरोपाच्या भाषणात त्यांनी सांगितले की कचेरी सोडून ते एक दिवसही कुठे गेले नाहीत.

वाचकहो, आपण हसत असाल तर हसा. पण त्या तीनशे बारांपैकी एकानेही, दाखला हातात पडल्यावर, तो कोणी दिला हे मला विचारले नाही. जो तो घडी घालून, खिशात ठेवून निघाला. आपणही आपला दाखला न्यायला आला होता, तेव्हा फक्त नावाचे स्पेलिंग तपासले होते.