बंद कपाटातील उजेडावर केलेल्या मोहिमेची हकीकत

उजेड हा सकळांचा धनी, आणि वीज ही त्या धन्याची खजिनदार. खजिनदार रुसली म्हणजे धन्याची काय गत होते, हे ज्यास जाणून घेणे असेल त्याने पुढील मजकूर चित्त देऊन वाचावा. ज्यास वेळ नसेल त्याने निदान आपला पंखा बंद करून मग निघून जावे.

दातांच्या दवाखान्याच्या बरोबर डोक्यावर, दुसऱ्या मजल्यावर, अखंडचित्रलक्ष्मीअलंकृत ताईसाहेब यांची गादी होती. गादी म्हणजे चाकांची खुर्ची, त्यांतील एक चाक कायमचे फितूर. तेथे संगणकावर हलती चित्रे करावयाचा उद्योग चाले. अनेक वर्षे दुसऱ्यांच्या साबणास फेस आणि दुसऱ्यांच्या टूथपेस्टास हसू पुरवोन ताईसाहेबांनी यंदा स्वतःचा असा पहिला चित्रपट सिद्ध केला. चिमुकलाच, परंतु आपला. तो दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांच्या नाट्यगृहात लागावयाचा होता, आणि तेथील बाईंचा पैगाम आला तो असा, की ऑफिस बंद व्हायच्या आत चित्रपट हाती पडला तर तो लावू. नाहीतर जुना सशाचा आहेच, मुलांना काय, ससाही आवडतो. हा ससा ताईसाहेबांच्या काळजात जाऊन बसला, आणि मग काही केल्या उठेना.

शिल्लक फक्त अखेरचे दृश्य होते. मुलीची खोली, खिडकीतून आलेली दुपार, पलंग, आणि भिंतीशी एक कपाट. आता खोली मांडून झाली म्हणजे चित्र झाले ऐसे अजाण जन मानितात. ते तसे नव्हे. दिव्याचा प्रत्येक किरण कोठे आदळला, तेथून कोठे उसळला, आणि अखेर डोळ्यास काय दिसले, याचा हिशेब यंत्रास करणे पडते, तेव्हां कोठे चित्र पक्के होते. यास कामाच्या लोकांत रेंडरिंग म्हणतात, आणि ही रेंडरिंग म्हणजे वीज गटागटा पिणारी स्वारी. सबब सकाळीच मोहिमेस नारळ न फोडता बटण दाबिले, आणि यंत्रांची फौज किरणांमागे चालून गेली, आणि मग खिडकीवरून भिंतीवर, भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून कपाटाच्या

मेन स्विच पडला.

अर्धे चित्र संगणकाच्या दरबारी रुजू होत नाही. पुन्हा पहिल्यापासून. यंत्रांची फौज किरणांमागे चालून गेली, आणि मग खिडकीवरून भिंतीवर, भिंतीवरून जमिनीवर, जमिनीवरून कपाटा

पडला.

तेव्हां दंतदुर्गाधिपती डॉक्टर जातीने जिना चढोन आले. खालचा दवाखाना आणि वरची गादी एकाच मेनवर नांदत असत. हातमोजे तैसेच, तोंडावरील पट्टी हनुवटीवर उतरलेली.

“ताई, माझा पेशंट आ करून बसलाय. त्याला काय सांगू? उद्या या, तोवर तोंड उघडंच ठेवा?”

ताईसाहेबांनी क्षमा मागितली. डॉक्टरांनी ती अर्धीच घेतली, आणि ताकीद दिली ती ऐसी, की आणखी एकदा दिवे गेले तर वायरमन बोलावून वरच्या मजल्याची तार तोडवीन, आणि मालकास काय सांगायचे ते मागाहून सांगेन. इतके बोलोन ते दाढेकडे परत गेले.

मग काटकसरीचे हुकूम सुटले. चहाची किटली हद्दपार जाहली. पंखे नजरकैदेत गेले. फ्रिजची वायर उपटली, तेव्हां आतील दूध कोणाचे यावरून एक पोटयुद्ध जाहले. संडासातील दिवा काढिला, तेथे दार उघडे ठेवून जावे की अंधारात, याचा निवाडा ज्याचा त्याने करावा ऐसे ठरले. मोबाइल चार्ज करणे हा राजद्रोह ठरला. आणि येवढे सर्व करोन जी वीज वाचली ती यंत्रांनी एका घोटात प्राशन केली, आणि त्यांचे पंखे पूर्वीपेक्षा जोरात घोंघावू लागले.

गादीच्या पदरी दोन सरदार होते. एक कंगवा, जो चित्रांतील जनावरांस केस उगवीत असे, परंतु स्वतःच्या डोईवर एकही राखीत नसे. दुसरी ठिणगी, जी प्रत्येक दृश्यात दिवे लावीत असे. काटकसरीच्या मसलतीत दोघांचाही आवाज सर्वांत चढा होता. कंगव्याने ठिणगीच्या टेबलावरील दिव्याकडे बोट दाखविले, ठिणगीने कंगव्याच्या हेडफोनकडे. यातील इंगित कळण्यास एक रिवाज सांगणे प्राप्त आहे.

चित्रातील ते भिंतीचे कपाट जुने होते. नवे कोण घडवीत बसतो म्हणोन प्रत्येक कामात तेच उचलोन मागे कोपऱ्यात ठेवीत, कॅमेऱ्याची नजर त्यावर यंदाच प्रथम पडत होती. आणि आपले पहिले काम पार पडले की प्रत्येकाने आपल्या आवडीची एक वस्तू घडवोन त्या कपाटात ठेवावी आणि दार लावून घ्यावे, ऐसी या गादीची चाल होती. कोणी काय ठेविले हे कोणी विचारू नये. दार कधी उघडले नाही. आणि त्या सकाळी तिघांच्याही मनात एकच भय होते, की आपली वस्तू तेवढी यंत्रास मोजावयास जड, बाकीच्यांनी चमचे-वाट्या ठेविल्या असतील.

अखेर ठिणगीच धीर करोन बोलली. तिने पाहिले होते, की चित्रातील नजर पलंगाकडे असेतो यंत्रे शांत असतात, आणि कपाटाकडे वळली की खवळतात.

“माझे दोन आरसे आहेत त्यात,” ती म्हणाली. “समोरासमोर. मधे मेणबत्ती.”

“पेटलेली?” कंगव्याने विचारले.

“मग काय विझलेली ठेवू आरशात?”

कंगवा भिंतीकडे पाहत म्हणाला, “माझं मांजर आहे.”

“केस किती?”

“खऱ्याला असतात तेवढे.”

मग दोघांनी ताईसाहेबांकडे पाहिले. ताईसाहेबांनी चष्मा पुसला, आणि पुसलेलाच पुन्हा पुसला. “काचेची बरणी,” त्या म्हणाल्या. “पाण्याची. आत मासा.”

तेव्हां अनर्थ उघड जाहला. मेणबत्तीने आरसे उजळिले, आरशांनी बरणी, बरणीतील पाण्याने किरण वाकडे करोन मांजराकडे धाडिले, मांजराच्या एकेक केसाने आपली सावली टाकिली, आणि त्या सर्व सावल्या पुनश्च आरशांत शिरल्या. आणि यंत्र, बिचारा इमानी चाकर, हे सारे मोजीत बसला, कारण कुलपाला किल्लीचे भोक होते, आणि न जाणो, एखादा किरण तेथून बाहेर पडला तर?

ताईसाहेबांनी कपाट रिकामे करण्याचा हुकूम दिला. ससा दाराशी येऊन ठेपला होता. तेवढ्यात कंगवा खुर्चीसह पुढे सरकला आणि माऊसवर हात ठेवोन बसला.

“मांजर घरी नाहीये आता,” तो म्हणाला. “उन्हाळ्यात गेलं. आहे ते एवढंच.”

ठिणगीने समजाविले, की काही पुसावयाचे नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये सुखरूप राहील.

“फोल्डरमध्ये ठेवायला ते काय लाइटबिल आहे?”

खालून दाढेच्या यंत्राचा बारीक आवाज येत होता. मग ठिणगीने पडद्यावरील कुलपाच्या भोकाकडे बराच वेळ पाहिले आणि तजवीज मांडिली, की आत काही हलवायचे नाही, भोकात काळा बोळा कोंबायचा, आणि माझी मेणबत्ती मी विझवते. उजेड आत जाणार नाही, बाहेर येणार नाही, यंत्र तिकडे फिरकणारच नाही.

“अंधारात राहील ते,” कंगवा म्हणाला.

“मांजराला अंधारात दिसतं रे.”

कंगव्याने हात उचलला.

ठिणगीने मेणबत्ती विझविली. भोक बुजविले. आणि ताईसाहेबांचा शेवटचा हुकूम सुटला, की जे दिसत नाही त्यावर वीज खर्चू नये. सबब येथून पुढे या हकीकतीतील पदव्याही काढिल्या आहेत.

ताई बसली. बटण दाबले. खिडकी. भिंत. जमीन. कपाट. मेन पडला नाही. पंखे कुजबुजू लागले. खाली डॉक्टरांनी दाढ काढली. कंगव्याने किटली लावायची का विचारले. ताईने नको म्हणून सांगितले. चित्रपट गेला. बाईंचे उत्तर आले, मिळाला.

दुसऱ्या सकाळी तिघे शेवटच्या रांगेत बसले होते. अखेरच्या दृश्यात एका मुलाने मोठ्याने विचारले, “त्या कपाटात काय आहे?” शिक्षिकेने सांगितले, काही नाही, गप बस. तेव्हा त्याच्या शेजारच्या मुलीने त्याच्या गुडघ्यावर चापट मारली.

“हळू बोल ना. आत कुणीतरी झोपलंय.”

कंगवा ताठ बसला, आणि पुढे त्याने पडद्याकडे पाहिले नाही, त्या मुलीच्या डोक्याकडे पाहिले. येणेप्रमाणे ही मोहीम अंधाराच्या कुमकेने फत्ते जाहली. दिवे लागले तरी मुले उठेनात.