शंभर टक्के भरलेली बॅटरी

"अण्णा, अंधार पडल्यावर घरात काय काय चालतं ते आधी कागदावर लिहा. त्यावरून बॅटरी ठरवा. पॅनलचं मग बघू." वायरमनने हे तीनदा सांगितलं होतं. चौथ्यांदा सांगायच्या आत अण्णांनी त्याला माल आणायला वाटेला लावलं.

अण्णांना कागद नको होता, कौतुक हवं होतं! सोलर पॅनल छपरावर असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. म्हणून ते घेतले बारा. बॅटरी जिन्याखाली जुन्या चपलांशेजारी बसते. तिला बघायला कोण येतंय? म्हणून ती घेतली एकच, तीही पाटाएवढी. वर वीज कंपनीला अर्ज ठोकला, 'आमची जोडणी काढून न्यावी.'

काकू हळूच म्हणाल्या, "अहो, महिनाभर राहू द्या ना ती."

"सिंहाने घरात गवत भरून ठेवायचं का?" अण्णा गरजले. जोडणी गेली.

पहिल्याच दिवशी सकाळी दहाला जिन्याखालून आरोळी आली. "अगं, शंभर टक्के! कोपऱ्यावरच्या वकिलाची बॅटरी भरायला चार वाजतात. कसला दळभद्री माल घेतलाय त्याने!"

"त्यांची मोठी असेल."

"मोठी असून उपयोग काय? भरतच नाही!"

हंड्याआधी तांब्या भरतो, हे नळावरच्या शेंबड्या पोरालाही कळतं. अण्णांची तर अख्खी नोकरी वजन-मापं तपासण्यात गेलेली! पण माप दुसऱ्याचं तपासायचं असतं, अशी त्यांची श्रद्धा.

दहानंतरची वीज जाणार कुठे? "वाया चाललीये! लावा काहीतरी!" म्हणत अण्णा घरभर नाचले. काकूंनी इस्त्रीच्या चादरींना पुन्हा इस्त्री केली. अण्णांनी गरम पाण्याने दोनदा अंघोळ केली आणि टोमॅटोसारखे लाल होऊन बाहेर आले.

तेवढ्यात शेजारच्या नर्सबाई दारात उभ्या राहिल्या. हातात अंडी उबवायची पेटी, पेटीत चोवीस अंडी.

"अण्णा, आमच्याकडे वायरिंग बदलतायत, वीज बंद आहे. मला रात्रपाळी. आज अठरावा दिवस, पिल्लं निघायला तीनच राहिलेत. सकाळपर्यंत ही पेटी कुठे ठेवू?"

"अहो, विचारता काय? आमच्याकडे शंभर टक्के आहे!"

"ऊब साडेसदतीस अंशांच्या खाली जाऊ द्यायची नाही हं. मागच्या खेपेला वीज गेली आणि सगळी अंडी वाया गेली. दोन दिवस जेवले नव्हते मी."

"माझा शब्द! पिल्लंच मोजून घ्या."

नर्सबाईंचे डोळे भरून आले. काकूंची नजर मात्र जिन्याखाली गेली.

पेटी बिचारी एका दिव्याएवढी वीज खाणारी. तिचं निभलंही असतं. पण सूर्य मावळला आणि अण्णांना प्रदर्शनाची हुक्की आली. गच्चीवरचे सगळे दिवे, अंगणातले दिवे, एसी, टीव्ही!

"एसी तरी बंद करा. आत अंडी आहेत," काकू म्हणाल्या.

"बॅटरी किती भरली होती? शंभर! शंभरातून पेटीला लागणार दोन. उरले किती?"

उरले पाऊण तास! जिन्याखाली टूंऽऽ झालं आणि घर काळंठिक्कर पडलं.

अण्णांनी धडपडत वायरमनला फोन लावला. "तुझी बॅटरी बिघडली!"

"बिघडली नाही, रिकामी झाली. शंभर टक्के म्हणजे तांब्या शंभर टक्के भरला होता, अण्णा. बारा नळ लावून खाली तांब्या ठेवलात तुम्ही."

"मग आता?"

"आता सूर्य उगवला की!" फोन बंद.

काकूंनी मेणबत्ती पेटीजवळ नेली. पारा सदतीसवर आला होता आणि खालीच निघाला होता. त्यांनी गॅसवर पाणी ठेवलं, रबरी पिशव्या काढल्या, कपाटातली जाड रजई काढली.

"नर्सबाईंकडची लाइन…" अण्णा पुटपुटले.

"बंद आहे. म्हणून तर त्या आपल्याकडे आल्या."

"वकिलाकडे नेऊ या पेटी?" हे बोलताना अण्णांना घाम फुटला.

"ते गावाला गेलेत. शब्द कुणी दिला होता हो?"

अण्णांनी रबरी पिशव्यांत गरम पाणी भरायला घेतलं. लग्न झाल्यापासून काकूंनी त्यांना घरकामाला हात लावताना पहिल्यांदाच पाहिलं.

मग अण्णांनी अंगातला कडक इस्त्रीचा सदरा काढून खुंटीला टांगला. गरम पिशव्या पेटीभोवती नीट लावल्या, हवेला फट ठेवली, रजई डोक्यावरून ओढून घेतली आणि पेटी पोटाशी धरून, पारा बघत, मुकाट्याने उबवायला बसले.