कोलेस्टेरॉलमध्ये जंगलात पहिला

एका जंगलात, बाळांनो, सगळे प्राणी उठता-बसता गुण मोजत असत. तुमच्या घरी मोजतात ना, अगदी तसेच.

गवे गुरुजींनी शाळा काढली आणि ही साथ आली. झाडावर चढलं की गुण, झाडावरून पडलं की वजा गुण. शेजारणी एकमेकींना "जेवलीस का गं?" विचारायचं सोडून "किती पडले गं?" विचारू लागल्या.

या जंगलात मथुराबाई नावाची साळिंदरीण राहायची. तिचा नवरा सोनबा दोन वर्षांपूर्वी ऐन तारुण्यात वारूळ चढता चढता छाती धरून खाली बसला, तो पुन्हा उठलाच नाही. मागे राहिला एकुलता एक सदा. सदा असा काटकुळा, की अंगावर काटेच जास्त आणि सदा कमी. शाळेत त्याचा नंबर कायम शेवटचा. मथुराबाईला फार वाटायचं, एकदा, फक्त एकदाच आपला सदा पहिला यावा.

तर झालं काय, सिंहमहाराज एका लग्नात नऊ वाट्या बासुंदी प्यायले आणि पंगतीतच आडवे झाले. शुद्धीवर आले ते घाबरूनच. लगेच फर्मान निघालं: "लहान-थोर सगळ्यांचं कोलेस्टेरॉल तपासा! मी एकट्यानेच का घाबरायचं?"

तपासायला डॉक्टर टिटवीबाई आल्या. आता बाळांनो, टिटवी ओरडली की वाईट होतं, असं जुनी माणसं सांगतात. खरं म्हणजे वाईट व्हायला लागलं की टिटवी ओरडते. पण एवढा फरक करत कोण बसणार?

शिबिराला सगळे उपाशीपोटी आले. रक्त काढायला डास होता. उपाशी येऊन पोटभर जेवून गेलेला तो एकटाच.

टिटवीबाईंनी एकेका पानावर एकेकाचं नाव आणि आकडा लिहिला आणि गठ्ठा गुरुजींकडे दिला. "ज्याचं त्याला द्या," एवढं सांगून त्या पलीकडच्या डोंगरावर शिबिराला गेल्या.

गुरुजींनी पानं पाहिली. नाव आणि पुढे आकडा! गुरुजींचे खूर शिवशिवले. त्यांनी झटपट पानं लावली, मोठा आकडा वर, लहान खाली, आणि वडाच्या खोडावर निकाल टांगला.

पहिला, सदा साळिंदर, तीनशे चाळीस! दुसरे, भालेराव अस्वल, दोनशे नव्वद! महाराज तिसरे.

काय गोंधळ उडाला म्हणून सांगू! हरणीने आपल्या पाडसाचा कान चारचौघांत पिळला. "एकशे चाळीस? फक्त एकशे चाळीस? अरे, खायला-प्यायला काय कमी केलं होतं तुला?" सशाच्या आठ पोरांनी मिळून बेरीज केली, तेव्हा कुठे सशिणीला बरं वाटलं.

आणि मथुराबाई? तिचे पाय जमिनीवर नव्हते. हत्तीवरून सदाची मिरवणूक निघाली. ढोल वाजले, पेढे वाटले, गळ्यात बिल्ला पडला. सदाने स्वतःच अकरा पेढे खाल्ले.

एवढ्यात टिटवीबाई परतल्या आणि मिरवणूक पाहून डोक्यावरून घिरट्या घालत ओरडू लागल्या, "अरे, हे गुण नाहीत! हा आजार आहे! उतरवा त्या पोराला!"

"शुभकार्यात टिटवी ओरडली! हाकला तिला!" सगळे म्हणाले. ढोल आणखी जोरात वाजले. कुणी कुणी ढेकळं मारली. त्यातलं एक मथुराबाईचं होतं, आणि ते नेमकं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवीबाई मथुराबाईच्या बिळाशी आल्या. डोक्याला टेंगूळ होतं.

"ओरडायचं नाही हं माझ्या दारात," मथुराबाई म्हणाली.

"नाही ओरडत," टिटवीबाई म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदाच त्या हळू बोलल्या. "सदाचे बाबा कशाने गेले, मथुराबाई?"

मथुराबाई दचकली. टिटवीच्या ओरडण्याला ती कधी घाबरली नव्हती. या हळू बोलण्याने मात्र तिच्या अंगावरचा काटा न् काटा उभा राहिला.

"पण बाई, तो तर काडीसारखा आहे! हे जाड्यांचं दुखणं ना?"

"रक्त अंगकाठी बघत नाही. काहींच्या घराण्यातूनच येतं हे. म्हणून तर पोरांचंही तपासायचं. सोनबांचं कुणी तपासलं नाही. सदाचं वेळेत सापडलंय. रोज गोळी, खाण्याला लगाम, वरचेवर तपासणी. तुमचा सदा चांगला म्हातारा होईल बघा."

मथुराबाई रडली. आधी भीतीने रडली, मग पहिला नंबर गेला म्हणून रडली, आणि मग आपण कशासाठी रडतोय याची लाज वाटून रडली. सदा जागा झाला.

"आई, मी पहिला आहे ना?"

"आहेस रे राजा. पण आता हा आकडा आपल्याला खाली आणायचाय."

"म्हणजे मी परत शेवटचा?"

"अगदी शेवटचा!" त्याला कुशीत घेत मथुराबाई म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिला तो शब्द गोड लागला.

इकडे भालेरावांना अन्न गोड लागेना. म्हणजे लागत होतं, पण पुरत नव्हतं. एवढ्याशा पोराने आपल्याला हरवलं! त्यांनी कोल्ह्याच्या शिकवणीत नाव घातलं. सकाळच्या वर्गाला वडे, संध्याकाळच्या वर्गाला जिलेबी, रविवारी सराव परीक्षेला तुपाची वाटी. टिटवीबाई त्यांच्याही दाराशी गेल्या, हळू बोलल्या, मोठ्यानेही बोलल्या. "अभ्यासाच्या वेळी त्रास देऊ नका," भालेरावांनी आतून सांगितलं.

वर्ष गेलं. पुन्हा सगळ्यांचं रक्त तपासलं आणि गुरुजींनी पुन्हा वडावर निकाल टांगला. सदा एकशे साठ, शेवटून दुसरा.

"हुशार मुलगा वाया गेला," गुरुजी हळहळले. "घरातून लक्ष नाही हो!"

मथुराबाईने अख्ख्या जंगलाला काकड्या वाटल्या. दुःखाने बिचारीच्या डोक्यावर परिणाम झाला, असं सगळ्यांचं मत पडलं.

आणि पहिले? भालेराव अस्वल, चारशे दहा! जंगलाचा उच्चांक! वडाखाली मंडप घातला. व्यासपीठाला तीन पायऱ्या होत्या. भालेराव पहिली पायरी चढले, सगळ्यांना हात केला. दुसरी चढले, घाम पुसला. तिसऱ्या पायरीवर त्यांचा हात छातीकडे गेला.

गर्दीत मथुराबाईने तो हात ओळखला. सोनबाचा हात असाच गेला होता. "टिटवीबाई! धावा!" ती ओरडली. टिटवीबाई झेपावल्या, जिवाच्या आकांताने ओरडल्या.

"आज तरी गप्प बसा!" मंडप गरजला, आणि ढोल आणखी जोरात वाजले.

ढोल थांबले तेव्हा भालेराव पायरीवर निजले होते. गवे गुरुजी हार घेऊन उभेच होते. त्यांनी हार वाया जाऊ दिला नाही.

तात्पर्य: बाळांनो, पहिला नंबर कधीही सोडू नये. पहिल्याला हार हमखास मिळतो. गळ्यात की फोटोला, एवढंच काय ते बघायचं राहतं.