ड्रायव्हरच्या सीटखालचा पाव

"वहिनी, तुमच्या लेकीने पाव आंघोळीला बसवलाय," आत्या बाथरूमच्या दारातून म्हणाली.

"असू दे. शास्त्र आहे ते."

"शास्त्राला बुरशी यायला लागलीय."

"यायलाच हवी. बुरशी आली तरच तिला शिबिरात घेतील."

आत्याने बाथरूमकडे आणि मग वहिनीकडे अशा नजरेने पाहिलं की दोघांपैकी आधी काय घासायला घ्यावं ते तिला ठरवता येईना. ती एका दवाखान्यात उपकरणं उकळून काढण्याच्या कामावर होती. घरी आल्यावरही तिचा हात थांबत नसे. या घरातल्या साबणाच्या वडीलासुद्धा स्वच्छ राहावं लागे.

शिबिर होतं उन्हाळी सुट्टीतलं, विज्ञानाचं. हजारो मुलं अर्ज करणार आणि जेमतेम एका वर्गात मावतील एवढी घेणार. अर्जासोबत घरी केलेला एक साधा प्रयोग पाठवायचा, रोजच्या फोटोंसकट. मुलीने एकाच पुड्यातले चार पाव चार पारदर्शक पिशव्यांत घातले, प्रत्येकीत मोजून पाण्याचे थेंब टाकले आणि पिशव्या चार जागी ठेवल्या: बाथरूममध्ये, ओट्यावर, खिडकीत आणि आजोबांच्या खुर्चीखाली. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी होती, 'हात लावू नये'. बाथरूममधला पाव सगळ्यात आधी खराब होईल असा तिचा अंदाज होता.

आईला शिबिराचं फारसं काही नव्हतं. तिला हवे होते ते प्रश्न. या मुलीचं घरातलं नाव चौकशी. ते आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी ठेवलेलं. त्यांची सगळी हयात बस चालवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर त्यांनी बाहेरच्या खोलीतली हातांची खुर्ची ताब्यात घेतली. ती ड्रायव्हरची सीट. दुसऱ्या कुणी बसायचं नाही. तिथे बसून ते टीव्ही बघत, आणि नातीने प्रश्नांचा धडाका लावला की समोरची नजर न हलवता सांगत, "गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये." मग जाहिरात लागली की सगळ्या प्रश्नांची उत्तरं देत. त्यातली निम्मी चुकीची असत, पण देत ठामपणे.

आजोबा गेले आणि चौकशीची खिडकी बंद झाली. पोरगी विचारेनाशी झाली. जेव म्हटलं की जेवायची, झोप म्हटलं की झोपायची. आई धास्तावली होती ती त्यामुळे. आणि आता एका संध्याकाळी तिने आपणहून विचारलं होतं, "आई, बुरशीला अंधार आवडतो की ओल?" त्या प्रश्नासाठी आईने पावाची अख्खी भट्टी घरात आणून ठेवली असती.

आत्याने दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी दात घासताना तिची आणि हिरव्या ठिपक्याची नजरानजर झाली आणि पाव कचऱ्यात गेला. मग घाबरून तिने पिशवी धुतली, पुसली आणि त्यात नवा पाव घालून ठेवला.

सकाळी फोटो काढून मुलगी न्याहारीला आली ती कपाळाला आठ्या घालून. "बाथरूममधली बुरशी गेली. अशी जात नाही ती."

"हवापालट झाला असेल," आत्या चहात बघत म्हणाली.

बाबांनी हे ऐकलं. बाबांचा फोटो स्टुडिओ होता. लोकांच्या चेहऱ्यावरचे मुरूम पुसण्यात आणि टकलावर चार केस पेरण्यात त्यांचा जन्म गेला होता. पोरीचा अंदाज चुकतोय म्हटल्यावर त्यांच्यातला कलावंत जागा झाला. स्टुडिओच्या खणात त्यांचाच एक विसरलेला पाव दाढी वाढवून पडला होता. तो त्यांनी बाथरूमच्या पिशवीत घातला. मग फरक उठून दिसावा म्हणून भिंगाची धूळ झटकायच्या ब्रशने खिडकीतल्या पावावरची बुरशी हलक्या हाताने साफ केली. खिडकीतला पाव लग्नाच्या फोटोतल्या नवरीसारखा दिसू लागला.

"आता बाथरूममध्ये एकदम जंगल आलंय," दुसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली. "आणि पावाला तीळ फुटलेत."

"निसर्ग आहे," बाबा म्हणाले. "त्याच्यापुढे आपलं काय चालणार?"

आईला हसू आलं. हे दोघं बहीणभाऊ काहीतरी उद्योग करताहेत हे तिने ओळखलं, आणि आपण तेवढ्या त्यात नाही याचं तिला बरं वाटलं. ते समाधान तिला फार काळ लाभलं नाही. ओट्यावर भांडी पुसताना तिला 'हात लावू नये' अशी चिठ्ठी कुकरच्या बुडाला चिकटलेली सापडली. वाफेने सुटलेली. म्हणजे कालच्या घाईत जी पिशवी उघडून तिने पाव भाजला, लोणी लावलं आणि नवऱ्याला डब्यात दिला, ती पिशवी प्रयोगाची होती.

तिने स्टुडिओत फोन लावला. "पोट कसं आहे तुमचं?"

"ठीक आहे की. का गं?"

"सहज. मायेने विचारलं."

"मायेने?" बाबा घाबरले. "काय झालंय?"

आईने फोन ठेवला, आणि औषधांच्या दुकानात मुदत संपलेला माल उचलून नवा लावायची वीस वर्षांची सवय तिच्या हातात होतीच. ओट्यावर नवा पाव आला.

अर्ज पाठवायच्या आदल्या दुपारी मुलीने सगळे फोटो जेवणाच्या टेबलावर मांडले आणि तिघांना समोर बसवलं.

"बाथरूममधला पाव आधी बरा झाला, मग एका रात्रीत म्हातारा झाला. ओट्यावरच्या पावाची जातच बदलली. खिडकीतल्याने तोंड धुतलंय. कुणी सांगणार आहे का?"

आत्या म्हणाली, "मी एकदाच बदलला. तीळवाला माझा नाही."

"तीळवाला माझा," बाबा म्हणाले. "मी फक्त टच-अप केला. पण ओट्यावरच्याला मी हात लावलेला नाही, आईशप्पथ."

"हात नाही लावलात," आई म्हणाली. "खाल्लात."

बाबा उठून पाणी प्यायला गेले. त्यांना काही झालं नाही, म्हणजे तेवढा प्रयोग तरी यशस्वी झाला, असं आत्याने मत दिलं. पण मुलगी हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. "चारातले तीन गेले. आता काय पाठवू?"

"आणि चौथा?" आईने विचारलं.

खुर्चीखालची पिशवी निघाली. तिच्या बुडाला फरशीवरची वर्षभराची धूळ चिकटली होती, आणि आत हिरवं, काळं, पांढरं असं पावाचं रानच माजलं होतं.

"हा खराय?" मुलीने तिघांकडे पाहिलं. "नक्की?"

"तिथे कोण जातंय," आत्या म्हणाली. मग जरा हळू आवाजात, "मी तर तिथे झाडूसुद्धा घालत नाही. वहिनींना चालत नाही."

आई चपापली. आपण असं कधी बोललो नव्हतो, हे तिला आठवलं. नुसतं झाडूवाल्या हाताकडे पाहिलं असेल. पण गेलं वर्षभर अख्खं घर त्या खुर्चीला वळसा घालून जात होतं, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नसेल असं एकटी तीच समजत होती.

मुलीने घडलं ते सगळं जसंच्या तसं लिहून पाठवलं, तीळ आणि लोणी यांसकट. तीन नमुने घरच्यांच्या प्रेमाने बाद झाले, एक शिल्लक आहे.

मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा कुणाचाच विश्वास बसेना. मुलगी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसली आणि बाकीचे तिघं पडद्यामागे एकमेकांच्या पायावर उभे राहिले. पलीकडून एक बाई बोलत होत्या, आवाजावरून कडक.

"चौथ्या नमुन्याला कुणीच कसा हात लावला नाही?"

"ती आजोबांची जागा आहे. ते गेले. आता तिकडे कुणी जात नाही."

"बरं. पण एका नमुन्यावरून काहीच ठरत नाही. हाच प्रयोग पुन्हा नीट करायचा तर काय लागेल?"

मुलीने विचार केला. "अजून तीन आजोबा."

पलीकडे त्या कडक बाईंना हसू आवरेना. पडद्यामागे बाबांनी तोंडात रुमाल कोंबला. आई हसायला लागली ती हसतच राहिली, आणि मग आत्याने तिला स्वयंपाकघरात नेऊन पाणी दिलं.

त्यानंतरच्या रविवारी आईने स्वतः झाडू घेतला. खुर्ची सरकवली, खालची धूळ काढली. धुळीत आजोबांच्या चष्म्याचा एक स्क्रू निघाला, ज्याच्यासाठी त्यांनी घरातल्या प्रत्येकावर आळ घेतला होता. तो हातात घेऊन ती दमून टेकली, आणि आपण कुठे टेकलोय ते तिला बसल्यावर कळलं.

तेवढ्यात मुलगी आतून धावत आली. "आई, घेतलं मला. पण एक अट आहे. जायच्या आधी तोच प्रयोग नीट करून..."

ती थांबली. तिने झाडलेली फरशी पाहिली, आणि खुर्चीत बसलेली आई.

"आता ही पण जागा गेली? मग मी पाव कुठे ठेवू? बाथरूममध्ये आत्या, खिडकीत बाबा... आई, अंधारात आणि ओलीत फरक कसा काढायचा? नव्या पिशव्या घ्यायच्या का? तुझ्या दुकानात ठेवला तर चालेल? आई?"

आईने पाठ टेकली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले आणि समोर बघत म्हणाली, "गाडी चालू असताना ड्रायव्हरशी बोलू नये."