कमलाकररावांची अंबाडी

बुधवारी सकाळी सव्वानऊला लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या कमलाकर देवपुजारींच्या घरातली वीज गेली, तेव्हा सुचेताबाईंना आधी चहाची काळजी वाटली आणि कमलाकररावांना माळ्यावरच्या तीस कुंड्यांची. सुचेताबाई किटलीकडे वळल्या. कमलाकरराव पायजमा सावरत शिडी चढले.

माळ्यावर अंबाडी होती. अकोल्याच्या बहिणीने बी दिलं होतं, आणि गेले चार महिने कमलाकररावांनी ते जांभळ्या दिव्यांखाली, पंख्याच्या झुळकेत, हीटरच्या उबेत वाढवलं होतं. खाली बैठकीच्या खोलीत नवरा-बायको दोन-दोन स्वेटर घालून बसत, आणि वर अंबाडी बावीस डिग्रीत डुलत असे. एवढे लाड त्यांच्या मुलीचेही कधी झाले नव्हते, आणि ती तसं फोनवर बोलूनही दाखवायची.

या सगळ्याच्या मुळाशी मुरलीधर सबनीस होते. सबनीस हे तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष, राहायला वेम्बलीला. गेल्या वर्षीच्या स्नेहभोजनात कमलाकररावांच्या पातोडीच्या रश्श्याला त्यांनी चमच्याच्या टोकाने स्पर्श केला, आणि मग माइक हातात घेऊन म्हणाले, "वऱ्हाडात चवीपेक्षा तिखटाला मान दिसतो." अख्खा हॉल हसला. त्या दिवसापासून कमलाकररावांची आयुष्याकडे एकच मागणी उरली होती: या शनिवारच्या स्नेहभोजनात अंबाडीची भाजी वाढावी, आणि सबनीसांनी ती मागून घ्यावी.

वीज कंपनीचा मेसेज आला. वादळाने सबस्टेशनमध्ये पाणी शिरलं होतं. आधी 'संध्याकाळी सहापर्यंत' असं होतं, मग 'उद्या संध्याकाळपर्यंत' झालं. बारा वाजेस्तोवर माळ्यावरचा पारा नऊवर आला आणि पानांनी माना टाकल्या.

"तुझी शाल दे," कमलाकरराव म्हणाले.

"माझी शाल? कुंडीला?"

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे!"

"मग माझी पैठणी पण न्या. तिला एकटीला कपाटात करमत नसेल."

शाल मिळाली नाही. तेव्हा कमलाकररावांनी निदान दिवसाचा उजेड तरी मिळावा म्हणून तीसही कुंड्या एकेक करून खाली आणल्या आणि रस्त्याकडच्या मोठ्या खिडकीत ओळीने मांडल्या. हातभर उंचीची झाडं, पंजासारखी कातरलेली पानं. ती बघून त्यांना भरून आलं.

पाच मिनिटांत दार धडधडलं. दारात शेजारचा गॅरी होता. गॅरीची बर्गर विकायची गाडी होती. पंधरा वर्षांत त्याचं आणि कमलाकररावांचं बोलणं हवा आणि कचऱ्याचे डबे यापलीकडे गेलं नव्हतं.

"वेड लागलंय का, मेट? आधी पडदा ओढ!"

"अरे, पण त्यांना उजेड हवा."

"उजेड मी देतो. आधी सगळं वर ने. खिडकीत काय मांडलंयस, ख्रिसमस आहे का?"

गॅरीने बर्गरच्या गाडीचा जनरेटर उपसून आणला, वायर थेट माळ्यापर्यंत नेली आणि कुंड्या वाहायलाही हात लावला. वर तोंडही चालू होतं. "गारठ्यात पाणी घालू नकोस, मुळं गारठली की संपलं. कुंडीखाली पुठ्ठा घाल. बारा तास अंधार चालतो त्यांना, थंडी चालत नाही. आणि माळ्याचं दार सारखं उघडत बसू नकोस."

कमलाकरराव थक्क झाले. बर्गर तळणाऱ्या माणसाला वनस्पतिशास्त्राचा एवढा व्यासंग असेल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. "कुठे शिकलास हे सगळं?"

"माझा भाऊ करायचा ना. टोमॅटो." गॅरीने डोळा मारला.

"आता नाही करत?"

"आता तुरुंगात आहे. अजून चौदा महिने."

टोमॅटोपायी तुरुंग! कौन्सिलचे भाजीमळ्याचे नियम कडक असल्याचं कमलाकररावांच्या कानावर होतं, पण इतके असतील असं वाटलं नव्हतं.

दुपारी समोरच्या मिसेस हॉलंड आल्या. या निवृत्त मॅजिस्ट्रेट. मंडळाच्या ढोलाबद्दल दरवर्षी कौन्सिलला पत्र लिहिणाऱ्या. आज त्यांच्या हातात गरम पाण्याच्या चार पिशव्या होत्या. "गॅरी म्हणाला, तुमच्या झाडांना थंडी बाधतेय. माझ्याकडे गॅस आहे, पाणी तापवून देत जाईन." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "थोडं उरलं तर माझ्या गुडघ्यासाठी ठेवाल?"

"जरूर! लसणाची फोडणी देऊन आणतो."

"तुमची पद्धत मी विचारणार नाही," असं म्हणून त्या लगबगीने निघून गेल्या.

कमलाकरराव गहिवरून आत आले. "बघ, इंग्रजाला आपण उगाच कोरडा म्हणतो. भाजीसाठी एवढा जिव्हाळा!"

सुचेताबाईंनी हातातली सुरी खाली ठेवली. "अहो, त्यांना तो गांजा वाटतोय."

ज्यांनी मंडळाच्या अंकात 'व्यसनाधीन तरुणाई' या विषयावर सलग तीन लेख लिहिले, ज्यांच्या दारावर नेबरहूड वॉचचा स्टिकर, त्यांच्या माळ्यावर गांजा! कमलाकररावांनी तडक चपला घातल्या. "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगतो, ही भाजी आहे म्हणून."

"सांगा की. जनरेटर घेऊन जाईल."

"पण पोलीस आले तर?"

"आले तर पानं वाढू. भाजीसाठी कुणाला पकडलेलं ऐकलं नाही मी."

कमलाकरराव दारापर्यंत गेले. बाहेर जनरेटर घरघरत होता. गॅरीने त्यांना बघून अंगठा वर केला. माळ्यावर आता एकोणीस डिग्री होती आणि अंबाडीने मान वर काढली होती. कमलाकररावांच्या मनात सत्य आणि अंबाडी यांची झुंज लागली, आणि ती फार वेळ चालली नाही. त्यांनीही अंगठा वर केला.

गुरुवारी दुपारी सबनीस स्वतः येऊन थडकले. वीज नाही म्हटल्यावर भाजीचं काय, ही चौकशी करायला ते आले होते. खरं तर भाजी मेली असेल तर ते डोळ्यांनी बघायचं होतं. दाराशी त्यांना गॅरीने अडवलं. "माल घ्यायला आलास का? अजून तयार नाही. आणि म्हाताऱ्याला त्रास देऊ नकोस." सबनीसांना घाम फुटला. ते मुंबईच्या माहीमचे. अंबाडी त्यांनी जन्मात ताटाबाहेर पाहिली नव्हती. माळ्यावर जाऊन जांभळ्या उजेडातली ती कातरलेली पानं त्यांनी पाहिली, पिशव्यांचा शेक पाहिला, आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "कमलाकरराव, हे... शनिवारी सगळ्यांना वाढणार?"

"सगळ्यांना! पोटभर!"

सबनीस तडक वेम्बलीला परतले. रस्त्यात मात्र त्यांनी बरेच फोन केले असावेत.

शनिवारी हॉलमध्ये पस्तीस माणसांची नोंदणी होती आणि ब्याण्णव आली. गणपतीला न फिरकणारे आले. गुडघ्यांमुळे घराबाहेर न पडणाऱ्या वैजयंतीबाई तीन बस बदलून आल्या. गर्दी बघून सुचेताबाई डाळ वाढवत गेल्या. शेवटी पातेल्यात बादलीभर डाळ आणि मूठभर अंबाडी असा प्रकार झाला. तरी पंगतीत दुसऱ्या पदार्थाला कुणी हात लावेना. श्रीखंड नुसतं पडून राहिलं. लोक भाजी खात होते, थांबत होते, एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते आणि पुन्हा वाडगे पुढे करत होते. कमलाकररावांचा ऊर भरून आला. चाळीस वर्षांच्या परदेशवासात आपल्या मातीच्या चवीला असा मान त्यांनी कधी पाहिला नव्हता.

तेवढ्यात वैजयंतीबाई खुदकन हसल्या, मग खो-खो हसू लागल्या, आणि उभं राहून त्यांनी फुगडीसाठी हात पुढे केले. "मला चढली बाई!" त्या ओरडल्या. पाठोपाठ खजिनदारांनाही चढली. ते छताकडे बघून रडू लागले.

सबनीस तिसरा वाडगा संपवून कमलाकररावांच्या कानाशी आले. "अहो, वैजयंतीबाईंना चढली. मला काहीच कसं होत नाही?"

कमलाकररावांना सगळा उलगडा झाला. ब्याण्णव माणसं, आणि त्यांतल्या एकालाही भाजी नको होती. सत्य सांगितलं असतं तर पळ्या जागच्या जागी थांबल्या असत्या, आणि उद्यापासून अख्खं मंडळ त्यांच्याशी बोलायचं बंद झालं असतं. त्यांनी घसा खाकरला.

"वेळ लागतो थोडा. अजून एक वाडगा घ्या. पण मला सांगा मुरलीधरराव, चव कशी झालीये?"

"आंबट ढाण आहे हो," सबनीस वाडगा पुढे करत म्हणाले. "पण चवीचं काय घेऊन बसलात? वाढा तुम्ही!"