दोनदाती बोकड आणि तीन कॅमेरे

"तीन कॅमेरे! एक बोकडाच्या तोंडावर, एक कुशीवर, एक मायवर! सेठला नांदेडात बसून केस न् केस दिसला पाहिजे!"

शिवहारने ही घोषणा केली तेव्हा दुकानातला कंप्युटर टेबलासकट गोठ्यात येऊन बसला होता. गोरेगावात त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. त्या जुन्या कंप्युटरवर त्याने स्वतःच्या हाताने लिनक्स बसवलं होतं आणि ही गोष्ट दाखल्याला आलेल्या प्रत्येकाला ऐकून घ्यावीच लागे!

भानगड अशी होती. आई बनाबाईने जिवापाड जपलेला बोकड ईदसाठी इस्माईल सेठना हवा होता. सेठचा पाय प्लास्टरमध्ये. पण दुधाचे दात पडून पक्के दोन आलेत, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय सेठ बोकड घेत नसत. बारापर्यंत दाखवा, नाहीतर डोंगरकडा गावचा घेतो, असा त्यांचा निरोप होता. आणि या बोकडावर शिवहारच्या बायकोचं, सुकन्याचं, शिलाई मशीन अवलंबून होतं.

"अवं, मोबाइलवर दाखवा की," सुकन्या म्हणाली.

"मोबाइल हलतो! धंदा असा करायचा न्हाई!"

दोन कॅमेरे झटक्यात सुरू झाले. तिसरा लावला तर पडद्यावर संदेश आला, डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही. शिवहार हसला. एवढंच ना! त्याने डिस्कवरचे सिनेमे उडवले. संदेश तोच! गाणी उडवली. तोच! मग एक भलीमोठी फाइल दिसली, तीही उडवली.

"काय काढलं?" सुकन्याने विचारलं.

"लग्नाचा व्हिडिओ."

"आपलं लग्न उडवलं?"

"लग्न हाय की जागच्या जागी! फक्त व्हिडिओ गेला!"

संदेश मात्र तोच! साडेअकरा वाजले. दुसरा कोणी असता तर टेबल उचलून दुकानात परत गेला असता. शिवहारने बाह्या वर सारल्या आणि मोबाइलवर शोधत सुटला. शेवटी कुठल्या तरी परदेशी गड्याने लिहिलेलं सापडलं: दोष डिस्कचा नाहीच. तिन्ही कॅमेरे एकाच यूएसबी हबवर लावले की चित्रं जायला वाट पुरत नाही. एका दारातून तीन म्हशी घुसवल्यासारखं! म्हणजे लग्न फुकटच गेलं. त्याने एक वायर हबमधून काढून थेट कंप्युटरच्या पाठीत खुपसली, कंप्युटर बंद करून चालू केला आणि तिन्ही कॅमेरे लागले!

"म्हटलं न्हवतं?" त्याने कंप्युटरवरूनच सेठना व्हिडिओ कॉल लावला. "सेठ, बघा दात!" आणि पहिल्या नंबरचा कॅमेरा दाखवला.

पलीकडे सेठनी चष्मा सारखा केला.

"शिवहारभाऊ," सेठ अदबीने म्हणाले, "ह्या तर तुमच्या अम्मा हैत. दात मात्र बराबर दोनच दिसून राहिले."

तंबाखूची चिमूट ओठात ठेवायला बनाबाईने नेमकं तोंड उघडलं होतं! तिन्ही कॅमेरे एकाच छापाचे. कंप्युटर नव्याने चालू होताना जो आधी जागा झाला त्याने पहिला नंबर पटकावला होता. शिवहारने घाईघाईने दुसरा नंबर दाबला. तोवर बोकडाने तोंड फिरवून शेपटी पुढे केली होती.

"हे कोन्तं तोंड?" सेठनी विचारलं.

"सेठ, दोन मिनिटं! बराबर करतो!"

"बारा वाजून राहिले, भाऊ. डोंगरकड्याचा माणूस खोळंबलाय."

सुकन्याचा चेहरा उतरला. पण शिवहार हटला नाही. तिसरा नंबर दाबून, कुठली वायर कुणाची हे बघायला तो टेबलाखाली शिरला. तेवढ्यात कुशीवरचा तिसरा कॅमेरा बोकडाला खाण्याजोगा वाटला. पडद्यावर आधी नाक आलं, मग ओठ वर झाला आणि पडदाभर दात!

"एक... दो! पक्के! घेतला!" सेठ ओरडले. "काय कॅमेरा लावला भाऊ! पार आतून दाखवला!"

फटकन पडदा काळा झाला. बनाबाईने धावत जाऊन कॅमेरा ओढून काढला, पण वायरचा तुकडा गेला तो गेलाच. शिवहारने ओठांवर बोट ठेवून मायकडे बघितलं.

"आखरी बात, अम्मा," सेठनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "खातो कसा?"

जनावराबद्दल खोटं बोलायचं बनाबाईला जन्मात जमलं नव्हतं. "खातो म्हंजी! आत्ता तुमच्यासमोरच वायर खाल्ली की त्यानं!"

शिवहारने डोळे मिटून घेतले.

"हाजमा तगडा है. सौदा पक्का!" सेठ म्हणाले. "पन अम्मा, वजनातून वायर कटेल."

सुकन्या खुदकन हसली. आणि शिवहार? तो उरलेली वायर मोजायला बसला.